वाड्यातली जुनी रायफल: ओळख, कागद आणि किंमत

खंडेनवमीला माळ्यावरची पेटी खाली येते. तलवार, कट्यार, गुप्ती यांच्या शेजारी काही घरांत एक लांब बंदूकही निघते. तिला तेल लागतं, हळदकुंकू वाहिलं जातं आणि ती पुन्हा वर्षभरासाठी पेटीत जाते. घरातला जुना माणूस असतो तोवर तिच्याबद्दल कुणी काही विचारत नाही. तो गेल्यावर, वाटणीला बसल्यावर, प्रश्न सुरू होतात. ही कुठली? अजून चालते का? विकली तर किती येतील? आणि सगळ्यात शेवटी, दबक्या आवाजात: हिचा परवाना कुठे आहे?

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत असे प्रश्न पडणारी घरं थोडी नाहीत. देशमुखांचे वाडे, पाटलांच्या गढ्या, निझामाच्या चाकरीत राहिलेली कुटुंबं, नांदेडची जुनी शीख घराणी आणि अलीकडच्या काळातले माजी सैनिक अशा अनेक वाटांनी हत्यारं इथे आली. माझं म्हणणं असं की आपण हे प्रश्न उलट्या क्रमाने विचारतो. जुन्या रायफलीची किंमत आधी कागद ठरवतो, मग बोअर म्हणजे नळीचं माप, मग तिच्या लोखंडावरच्या खुणा आणि अगदी शेवटी तिची अवस्था. पहिली पायरी चुकली तर पुढच्या तिन्हींना बाजारात अर्थ उरत नाही.

एक गैरसमज आधीच दूर करायला हवा. अमेरिकेत किंवा कॅनडात लष्कराने मोडीत काढलेल्या रायफली व्यापाऱ्यांमार्फत नागरिकांना विकल्या जातात. आपल्या इशापूरच्या कारखान्यातल्या जुन्या रायफलीही तशाच तिकडे पोहोचल्या आणि हौशी लोकांनी त्या विकत घेतल्या. भारतात असा बाजार नाही. निकामी ठरलेली लष्करी किंवा पोलिसी रायफल इथे नागरिकाला विकली जात नाही. तेव्हा "मिलिटरीची जुनी आहे, लिलावात घेतली" असं कुणी सांगत असेल तर ती एकतर मुळात लष्करी नाही किंवा तो लिलाव झालेलाच नाही. आपल्याकडे जे सापडतं ते इतिहासाच्या ओघात मागे राहिलेलं असतं, म्हणून त्याची ओळख पटवायला इतिहासातूनच जावं लागतं.

या भागात हत्यारांचे थर एकावर एक बसलेले आहेत. सगळ्यात खालचा थर तोड्याच्या बंदुकांचा. कंधार, उदगीर, औसा, माहूर हे किल्ले ज्या काळात लढते होते, त्या काळातली ही बंदूक. लांबलचक नळी, नळीला दस्त्याशी बांधणारे पितळी किंवा चांदीचे पट्टे, उजव्या बाजूला दारूची छोटी वाटी आणि पेटता तोडा धरणारी वाकडी पट्टी. १८१९ साली नांदेड भागात नौसाजी नाईकांच्या गढीला हैदराबादच्या फौजेने वेढा घातला, तेव्हा तोड्याच्या आणि चकमकीच्या अशा दोन्ही बंदुका वापरात होत्या. पुढे टोपीवर घोडा पडून पेटणारी ठासणीची बंदूक आली आणि ती खेड्यापाड्यांत शंभर वर्षांहून अधिक काळ टिकली, कारण तिला कारखान्यातलं काडतूस लागत नव्हतं.

दुसरा थर हैदराबाद कंटिंजंटचा. ही इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची, पण निझामाच्या खर्चाने चालणारी फौज. तिच्या छावण्यांपैकी हिंगोलीची नांदेडला लागून होती आणि मोमिनाबादची, म्हणजे आजच्या अंबाजोगाईची, लातूरला. १९०३ मध्ये ही फौज ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाली. त्या काळी लष्कराने टाकलेला नमुना खालच्या दलांकडे जायचा. पलटणीला नवी रायफल मिळाली की जुनी संस्थानी पोलिसांकडे, तिथून पहारेकऱ्यांकडे. म्हणून १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड, तिचंच मागून उघडणारं रूप असलेली स्नायडर आणि खाली तरफ असलेली मार्टिनी-हेन्री ही हत्यारं लष्करातून गेल्यावरही संस्थानांत दीर्घकाळ दिसत राहिली.

तिसरा थर १९४७-४८ चा, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त गोष्टी याच थराच्या सांगितल्या जातात. निझामाच्या बाजूच्या रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरला वकिली करणारा माणूस. त्याच्या संघटनेकडे बंदुकांची रेलचेल होती असं सर्रास मानलं जातं. प्रत्यक्षात आधुनिक रायफली थोड्यांच्याच हातात होत्या. बाकी भाले, तलवारी आणि ठासणीच्या बंदुका. १९४८ मध्ये सिडनी कॉटन नावाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने कराचीहून रात्रीची विमानं उडवून हैदराबाद संस्थानात हत्यारं उतरवली. त्याच्या उतरण्याच्या ठिकाणांत उदगीरपासून जवळच असलेलं बीदर होतं. या चोरट्या वाहतुकीबद्दल लंडनच्या न्यायालयाने त्याला पुढे २०० पौंड दंड केला. दुसऱ्या बाजूला हैदराबाद मुक्तिसंग्रामातले कार्यकर्ते उमरखेडसारख्या सरहद्दीवरच्या कॅम्पांतून आत येत, करोडगिरीच्या म्हणजे जकातीच्या नाक्यांवर छापे घालत आणि नाक्यावरची हत्यारं घेऊन जात. ३० जानेवारी १९४८ ला नांदेड जिल्ह्यातल्या उमरीच्या बँकेवर झालेला हल्ला याच लढ्यातला. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या, १७ ला निझामाने हार मानली आणि १८ ला त्याचे सेनापती एल एद्रुस यांनी भारतीय फौजांच्या जनरल चौधरींपुढे शरणागती पत्करली. त्यानंतर हत्यारं गोळा करण्याची मोहीम झाली. जे जमा झालं ते झालं. उरलेलं विहिरीत, कडब्याच्या गंजीत, भिंतीच्या कोनाड्यात गेलं.

"ही रझाकाराची बंदूक आहे" किंवा "ही आमच्या आजोबांनी नाक्यावरून आणली" ही दोन्ही वाक्यं म्हणूनच आदराने ऐकावीत, पण तपासल्याशिवाय लिहून ठेवू नयेत. तपासायला लोखंड मदत करतं.

लष्करी रायफलींत आपल्याकडे सगळ्यात जास्त आढळणारी ली-एनफिल्ड, लोकांच्या तोंडची थ्री नॉट थ्री. तिचा जन्मदाखला एका ठरावीक जागी कोरलेला असतो. बोल्टची मूठ खाली पडते तिथे, दस्ता ज्या लोखंडी खोबणीत बसतो त्या खोबणीच्या उजव्या अंगाला. वर मुकुट, खाली राजाची अक्षरं, मग कारखान्याचं नाव, साल आणि नमुना. इंग्लंडमध्ये घडलेली असेल तर मुकुटाखाली 'जी. आर.' आणि एनफिल्ड, बी.एस.ए. किंवा एल.एस.ए. यांपैकी एक नाव. बंगालमधल्या इशापूरची असेल तर 'जी.आर.आय.', कारण हिंदुस्थानात राजा हा सम्राटही होता. स्वातंत्र्यानंतरच्या इशापूरच्या रायफलीवर 'आर.एफ.आय.' ही अक्षरं आणि अशोकस्तंभाचे सिंह येतात. एवढ्या एका खुणेने कितीतरी घरगुती कथा निकालात निघतात. सिंहांचा शिक्का असलेली रायफल १९४८ मध्ये कुणाच्याही हातात असणं शक्य नाही.

नमुना ओळखायला नळीचं टोक पाहावं. १९०७ च्या नमुन्यात टोक बोथट असतं आणि नळी लाकडाच्या टोपणाबरोबर संपते. दुसऱ्या महायुद्धातल्या 'नंबर ४' रायफलीत नळी थोडी पुढे डोकावते आणि खुणा डाव्या अंगाला असतात. कॅनडातल्या लाँग ब्रँचचं नाव किंवा अमेरिकेतल्या सॅव्हेज कंपनीच्या रायफलीवरचा 'यू. एस. प्रॉपर्टी' हा शिक्का दिसला तर ती याच जातीची. इशापूरने पुढे १९०७ च्या नमुन्याच्या बांध्यावर ७.६२ मिलिमीटरची '२ ए' आणि '२ ए १' बनवली. तिचं मॅगझीन चौकोनी आणि जरा खोल असतं. नेम धरायच्या पट्टीवर '२ ए' मध्ये २००० गजांपर्यंत आकडे आहेत, तर '२ ए १' मध्ये ८०० मीटरपर्यंत.

आणखी दोन रूपं नीट ओळखायला हवीत, कारण त्यांच्याबाबत फसगत जास्त होते. पहिलं पोलिसांचं .४१० मस्केट. दिसायला हुबेहूब थ्री नॉट थ्री, पण नळी मोठी करून आतून गुळगुळीत केलेली आणि मॅगझीनच्या जागी लाकडी ठोकळा, म्हणजे एका वेळी एकच बार. पहारा आणि जमाव यांसाठी इंग्रज सरकारने हे रूपांतर करून घेतलं होतं. दुसरं कवायतीचं. अशा रायफलीवर 'डी.पी.' ही अक्षरं असतात. शाळा-कॉलेजांतल्या एन.सी.सी. मुलांनी खांद्यावर घेतलेली ती हीच. तिच्यातून बार काढणं म्हणजे स्वतःच्या तोंडाजवळ स्फोट घडवणं.

जुन्या थरातल्या बंदुकांना खुणा वेगळ्या. घोड्याच्या पट्टीवर मुकुट आणि 'टॉवर' असेल तर ती ब्रिटिश लष्करी घडणीची. त्याऐवजी मागच्या पायांवर उभा सिंह असेल तर ईस्ट इंडिया कंपनीची. लंबगोलात 'ई.एल.जी.' असेल तर बेल्जियममधल्या लिएजची. 'मँटन, कलकत्ता', 'रॉडा, कलकत्ता' अशी नावं कोरलेली असतात ती विक्रेत्यांची. यातल्या रॉडा कंपनीची मॉझर पिस्तुलं १९१४ च्या ऑगस्टमध्ये बंगाली क्रांतिकारकांनी पळवली होती. मराठवाड्यातल्या शिकारी दुनळ्यांवरही कलकत्त्याच्या विक्रेत्यांची अशी नावं आढळली तर नवल वाटू नये, कारण संस्थानिक आणि जहागीरदार तिथूनच माल मागवत. किनवट-माहूरच्या जंगलात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद होईपर्यंत अशी हत्यारं वापरात होती.

बनावट मालाचंही बोललं पाहिजे. सरहद्द प्रांतातल्या दर्रा आदमखेलच्या कारागिरांनी शतकभर ब्रिटिश रायफलींच्या नकला हाताने घडवल्या, शिक्क्यांसकट. इंग्रजी न येणाऱ्या हाताने शिक्का मारला की अक्षर उलटं पडतं, ओळ तिरकी होते, राणी व्हिक्टोरियाच्या अक्षरांखाली ती वारल्यानंतरचं साल येतं. राणी १९०१ मध्ये गेली, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ कळतं. शोभेच्या वस्तूंच्या बाजारात 'टॉवर' लिहिलेल्या नव्या बंदुका मुद्दाम गंजवून विकल्या जातात. त्यांच्या नळीला तळच नसतो किंवा दस्त्याचं लाकूड कोवळं असतं. जाणकाराच्या हातात दिली की पहिल्या मिनिटात कळतं.

आता बोअर. इथे कायदा आणि इतिहास एकमेकांत गुंतले आहेत. इंग्रज सरकारला भीती होती की लष्करी काडतूस चोरीला गेलं तर ते नागरिकाच्या बंदुकीत बसेल. म्हणून लष्करी मापाची हत्यारं नागरिकांना बंद झाली. १९०७ मध्ये .४५० मापावरही हिंदुस्थानात बंदी आली आणि लंडनच्या कारखानदारांना .४६५, .४७० अशी नवी मापं काढावी लागली. तोच विचार स्वतंत्र भारताच्या कायद्यात 'प्रतिबंधित बोअर' म्हणून टिकून आहे. .३०३ प्रतिबंधित आहे, ७.६२ प्रतिबंधित आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ७ प्रमाणे असं हत्यार केंद्र सरकारच्या खास अधिकाराशिवाय बाळगता येत नाही आणि बाळगल्यास शिक्षा ७ ते १४ वर्षांची आहे. नागरिकांसाठी इशापूरने त्याच ली बांध्यावर .३१५ मापाची शिकारी रायफल बनवली. .३०३ च्या काडतुसाची पुंगळी ५६ मिलिमीटर लांब, .३१५ ची ५०. बाहेरून दोन्ही रायफली एकाच आईच्या लेकी वाटतात, म्हणून खेड्यात कायदेशीर .३१५ लाही लोक थ्री नॉट थ्रीच म्हणतात. एका घरात परवान्यावर .३१५ लिहिलेलं आणि हातात तीच रायफल असेल तर काही बिघडत नाही. पण परवाना .३१५ चा आणि नळी .३०३ ची निघाली तर कुटुंबावर आभाळ कोसळतं. नळीवरचा मापाचा शिक्का वाचून घेणं म्हणूनच सगळ्यात महत्त्वाचं काम आहे, आणि ते परवानाधारक विक्रेत्याकडून किंवा पोलीस मुख्यालयाच्या आर्मररकडून करून घ्यावं.

"पण ही तर शंभर वर्षांची, मोडकी आहे, तिला कसला परवाना?" हा युक्तिवाद मी वाड्यावाड्यांतून ऐकला आहे. कायद्याच्या कलम ४५ मध्ये तशी सूट आहे खरी. कालबाह्य घडणीचं, पुराणवस्तूच्या मोलाचं किंवा नादुरुस्त हत्यार कायद्याच्या कक्षेबाहेर राहतं, पण एका अटीवर: दुरुस्त करूनही ते बंदूक म्हणून वापरता येऊ नये. मार्टिनी-हेन्रीची एक स्प्रिंग तुटली म्हणून ती सुटत नाही, कारण स्प्रिंग बसवता येते. ठासणीच्या चालू बंदुकीलाही परवाना लागतो. शेतीच्या राखणीसाठी तो मागता येतो. हदगाव-किनवटकडे रानडुकरांनी पिकं उद्ध्वस्त होतात तिथे ही तरतूद आजही उपयोगाची आहे. नळी पूर्ण बुजलेली, मागचा भाग गंजून एकजीव झालेला असेल तरच सुटीचा विचार करावा, आणि तोही स्वतः ठरवून नव्हे, लेखी अभिप्राय घेऊन. शंभर वर्षांपुढची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते, म्हणजे ती परदेशी पाठवून विकणं हा आणखी वेगळा गुन्हा.

कागदांबद्दल मराठवाड्याची अडचण महाराष्ट्राच्या बाकी भागांहून वेगळी आहे, आणि तिच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष गेलं आहे. निझामाच्या काळातला परवाना उर्दूत असतो, त्यावरचं साल फसली किंवा हिजरी असतं. फसली सनात साधारण ५९० मिळवले की इसवी सन मिळतं. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. कुटुंबाला तो कागद जमिनीचा वाटतो आणि तो सातबाऱ्याच्या फायलीत पडून राहतो. त्यात जिल्ह्यांच्या सरहद्दी बदलल्या. लातूर जिल्हा १९८२ च्या ऑगस्टमध्ये झाला, त्याआधीची नोंद उस्मानाबादची, म्हणजे आजच्या धाराशिवची. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके १९५६ पूर्वी बीदर जिल्ह्यात होते. किनवट आदिलाबादमध्ये होतं. उलट मुधोळ भाग नांदेडमधून गेला. म्हणजे उदगीरच्या एखाद्या पाटलाच्या १९५२ च्या परवान्याचा माग काढायचा तर लातूर, धाराशिव आणि कर्नाटकातलं बीदर अशा तीन कार्यालयांची नावं डोळ्यांपुढे ठेवावी लागतात. आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारी-औसा पट्ट्यातले दगडमातीचे वाडे कोसळले, तेव्हा माणसांबरोबर घरोघरचे दप्तरही ढिगाऱ्याखाली गेलं. त्या गावांतल्या एखाद्या घरात आज कागद नाही, याचा अर्थ तो कधीच नव्हता असा होत नाही. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेतल्या जुन्या नोंदवह्या पाहूनच ते ठरायला हवं.

कागद सापडला तर पुढची वाट सरळ आहे. परवानाधारक वारला की हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं आणि पावती घ्यायची. कलम २१ तेच सांगतं. जमा केलेलं हत्यार वारसाला परवाना मिळाल्यावर परत घेता येतं, किंवा पात्र माणसाला विकून पैसे घेता येतात. मात्र ठरलेल्या मुदतीत काहीच केलं नाही तर ते सरकारजमा होतं. पुष्कळ चांगल्या दुनळ्या अशाच, केवळ हलगर्जीपणामुळे, गेल्या. २०१६ च्या नियमांप्रमाणे धारक हयात असतानाही, वय ७० झालं किंवा हत्यार २५ वर्षं त्याच्याकडे असलं, तर ते वारसाच्या नावे करता येतं. वडील हयात असतानाच हे करून घेणं शहाणपणाचं. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारं राहू शकतात, वारशाने आलेलं धरून. परवान्याची मुदत मात्र तीनवरून पाच वर्षं झाली. त्याच दुरुस्तीने साधी बंदूक बेकायदा बाळगण्याची शिक्षाही वाढवली.

यानंतर किमतीची गोष्ट. भारतात जुन्या बंदुकीचा भाव जगाच्या भावाशी जुळत नाही, आणि त्याचं कारण टंचाई. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खासगी आयात जवळजवळ बंद आहे. त्यामुळे परदेशात किरकोळ समजली जाणारी जुनी इंग्लिश दुनळी किंवा वेब्लीचं .३२ रिव्हॉल्व्हर इथे, कागद स्वच्छ असतील तर, लाखांत जातं. देशी .३१५ चं गणित वेगळं: कारखान्यातल्या नव्या रायफलीची किंमत हीच तिची वरची मर्यादा. नळी आतून स्वच्छ, चाप नीट, दस्ता मूळचा असेल तर ती त्या मर्यादेच्या जवळ जाते, नाहीतर खाली घसरते. घेणाऱ्याच्या परवान्यावर तेच माप असावं लागतं आणि विकण्याआधी जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा ठाण्याला कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. गिऱ्हाईक असं गाळून गाळून उरतं, म्हणून घाईच्या विक्रीत भाव पडतो.

खऱ्या लष्करी .३०३ चं काय? बाहेरच्या देशांत हौशी माणूस तिचे नंबर जुळतात का ते पाहतो. बोल्टच्या मुठीवर, मुख्य सांगाड्यावर, नळीवर आणि नेम धरायच्या पट्टीवर एकच क्रमांक असेल तर किंमत चढते. लाकूड कापून शिकारी रूप दिलं असेल तर ती निम्म्यावर येते. २००३ मध्ये काठमांडूच्या लगन सिलेखान्यातल्या ब्रन्सविक, स्नायडर, मार्टिनी अशा हजारो बंदुका अमेरिकन व्यापाऱ्यांनी एकगठ्ठा उचलल्या आणि साफ करून विकल्या. त्या विक्रीमुळे या साऱ्या नमुन्यांचे जागतिक भाव काही वर्षं खाली राहिले. आपल्या वाचकाला या आकड्यांचा उपयोग एवढाच, की इंटरनेटवर डॉलरमधला भाव पाहून कुणी हुरळून जाऊ नये. कागदाविना असलेल्या .३०३ ची भारतातली बाजारकिंमत शून्य आहे. ती जो कुणी गुपचूप विकत घ्यायला तयार होईल, तो तिचा पुढचा वापर कशासाठी करेल हे सांगायला नको. नांदेड शहराने गेल्या दशकात भर रस्त्यात गोळीबार पाहिले आहेत. आपल्या आजोबांचं हत्यार त्या साखळीत जाऊ देणं हे पाप आहे, आणि मी हा शब्द विचार करून वापरतो.

ठासणीच्या आणि तोड्याच्या निकामी बंदुकांना मात्र कायदेशीर, अभ्यासू गिऱ्हाईक असतं. त्यांचं मोल पूर्णत्वावर आहे: ठासायचा गज जागेवर आहे का, पट्टे मूळचे आहेत का, नळीवरची नक्षी किंवा फारसी लेख वाचता येतो का. आणि इथेच आपले लोक सगळ्यात मोठं नुकसान करतात. विकायची म्हटली की आधी ती वाळूच्या कागदाने घासतात, दस्त्याला वॉर्निश लावतात. शंभर वर्षांत लोखंडावर आलेला काळपट थर हा तिच्या वयाचा पुरावा असतो. तो गेला की जाणकार तिला नवी समजतो. नांदेडच्या तख्त सचखंड हजूर साहिबमध्ये दिवाळीआधी तख्त स्नानाच्या वेळी गुरूंच्या शस्त्रांची सफाई होते, पण ती पिढ्यानपिढ्यांच्या हातांनी आणि रीतीने होते. घरगुती घासकामाची तिच्याशी बरोबरी नाही. घरी करायचं ते इतकंच की कोरड्या फडक्याने धूळ झटकावी, ओल लागू देऊ नये, आणि नळीत जुना बार अडकलेला असू शकतो हे धरून चालावं. उडवून पाहणं तर कधीच नको.

पैशाच्या पलीकडचं मोल ज्या हत्यारांना आहे, त्यांची अवस्था मला सगळ्यात जास्त खटकते. करोडगिरी नाक्यावरून आणलेली रायफल किंवा रझाकारांशी झुंजताना गावाने वापरलेली ठासणीची बंदूक ही मराठवाड्याच्या इतिहासाची साधनं आहेत. ती मुद्देमाल म्हणून जप्त होतात आणि वर्षानुवर्षं ठाण्यात राहून शेवटी नष्ट केली जातात. नष्ट करण्याआधी एक छायाचित्र, खुणांची एक नोंद आणि पुरातत्त्व संचालनालयाच्या माणसाची एक नजर एवढं व्हायला किती खर्च येतो? तेरचं लामतुरे संग्रहालय, छत्रपती संभाजीनगरचं महापालिकेचं शिवाजी महाराज संग्रहालय, नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ, संभाजीनगरची स्वामीजींच्या नावाची संशोधन संस्था: वस्तू ठेवायला आणि अभ्यासायला जागा आहेत. नांदेड आणि लातूरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी आणि पोलीस अधीक्षकांनी मिळून जुन्या मुद्देमालाची आणि जुन्या परवाना नोंदवह्यांची एकदा यादी करून घेतली, तर मुक्तिसंग्रामाच्या सशस्त्र बाजूबद्दल आज आपल्याकडे जे ऐकीव आहे, त्यातलं बरंच काही पुराव्यावर उभं राहील.

वाचकांना माझी विनंती आहे. घरात असं हत्यार असेल आणि कागद नसेल, तर वकिलाचा सल्ला घ्या, पोलीस पाटलांना सांगा, लेखी अर्जासह ते ठाण्यात जमा करा आणि पावतीवर खोबणीवरचं नाव, साल आणि क्रमांक लिहून घ्या. त्याआधी ते घरात कसं आलं हे जुन्या माणसाला विचारा आणि त्याच्याच शब्दांत लिहून काढा. १९४८ मध्ये पंधरा वर्षांची असलेली माणसं आज नव्वदीच्या पुढे आहेत. हे विचारायचं काम पुढच्या खंडेनवमीवर ढकलू नका.